झुलता पूल आणि जीर्णोद्धार

श्री देव रवळनाथाच्या कृपेने आणि ग्रामस्थ, माहेरवाशिणी व मुंबईकर चाकरमानी या सर्वांच्या हातभाराने आपल्या देवळाचा जीर्णोद्धार सिद्धीस गेला. त्यानिमित्त निघत असलेल्या या स्मरणिकेसाठी इतिहासपर काहीतरी लिहून द्यावे, अशी समितीची आज्ञा झाली. देवळाचा इतिहास, मानकऱ्यांची परंपरा व पालखीचा मार्ग यांविषयी माझ्यापेक्षा जाणत्या मंडळींनी याच अंकात लिहिले आहे. मी पडलो तालुका कचेरीतला लेखनिक; माझा संबंध फाइली, टिपणे आणि जावक क्रमांक यांच्याशी. तेव्हा ज्यावरून गेल्याशिवाय आपणां कोणालाच देवदर्शन घडत नाही, त्या साकवाकडे पाहून मी विषय निवडला : जुना झुलता पूल, त्याची रचना आणि त्याची निगा.

विषय ऐकताच एकदोघांनी विचारले, "देवळाच्या पुस्तकात पुलाचे काय काम?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर लेखाच्या शेवटी द्यावे लागेल, आणि ते देताना माझी स्वतःची एक चूकही कबूल करावी लागेल. वाचकांनी तोवर धीर धरावा ही विनंती.

साकवाची रीत

आपले देऊळ व्हाळापलीकडे. आज त्या जागी लोखंडी तुळयांचा साकव आहे. परंतु माझ्या आजोबांच्या काळी माडाची दोन खोडे टाकून, त्यांवर पोफळीचे तुकडे आडवे बांधून आणि हाताला धरायला एक बांबू लावून साकव तयार होत असे. पावसाळ्यात व्हाळ फुगला की तो बहुधा वाहून जाई. पाणी ओसरले की वाडीवाडीतून माणसे जमत आणि नवा साकव घालीत. याबद्दल कोणी दुःख करीत नसे. साकव दरसाल नवा होणार, हे गृहीतच असे.

त्या साकवाची एक रीत आजोबा सांगत. शिमग्यात पालखी साकवाशी आली की ढोल-ताशे थांबत. भोई तेवढे पुढे होत, तेही पाय जुळवून नव्हे तर सावकाश, एकेक पाऊल पाहून. बाकीची मंडळी अलीकडे उभी राहत आणि पालखी पलीकडे टेकल्यावर चार-चार जणांनी जात. कारण विचारले तर "देवाला पाण्यावर वाजप चालत नाही" एवढेच उत्तर मिळे. त्या रीतीमागे केवढे शहाणपण होते, हे मला पुष्कळ वर्षांनी पुलांविषयी वाचताना उमगले. त्याचा उल्लेख पुढे येईल.

दोरावर पूल कसा राहतो?

साकव लहान व्हाळापुरता ठीक. परंतु नदी खोल असेल, पाण्याला ओढ असेल आणि मध्ये खांब उभारणे शक्य नसेल, तर काय करावे? डोंगराळ मुलखातील लोकांनी याचे उत्तर फार पूर्वीच शोधले होते. दोन्ही काठांवर भक्कम आधार पाहून दोर ताणायचे आणि वाट त्या दोरांना टांगायची. यालाच आपण झुलता पूल म्हणतो.

त्याची रचना समजण्यास इंजिनियर असण्याची गरज नाही. अंगणातील कपडे वाळत घालायची दोरी डोळ्यांपुढे आणावी. झुलत्या पुलाचे मुख्य भाग पाच : दोन्ही काठांवरचे उंच मनोरे, त्यांच्या माथ्यावरून जाणारे मुख्य दोर अथवा साखळदंड, त्या दोरांना लोंबणाऱ्या उभ्या सळया, त्या सळयांनी उचलून धरलेली फळ्यांची वाट, आणि दोरांची टोके जमिनीत जखडून ठेवणारे नांगर. माणूस फळीवर पाय ठेवतो. त्याचे वजन फळीतून सळीत, सळीतून दोरात, दोरातून काही मनोऱ्यावर आणि काही नांगरावर जाते. यांतला एक दुवा तुटला तर त्याचे ओझे शेजारच्या दुव्यावर पडते. शेजारचाही दुबळा असेल तर तोही जातो.

दोरावर किती ओढ पडते, हे त्याच्या झोळावर अवलंबून असते. पुलाचे व त्यावरील माणसांचे मिळून वजन १०० क्विंटल आहे आणि ते सर्वत्र सारखे पसरले आहे असे धरू. दोराचा झोळ पुलाच्या लांबीच्या दहाव्या हिश्शाइतका ठेवला, तर सर्व दोरांवर मिळून आडवी ओढ सुमारे १२५ क्विंटल पडते. तोच झोळ निम्मा, म्हणजे विसावा हिस्सा केला, तर ओढ दुप्पट, म्हणजे २५० क्विंटल होते. दोरी जितकी ताठ, तितकी ती तुटायला जवळ. म्हणूनच जुन्या झुलत्या पुलांचे मनोरे उंच आणि दोर खोल झोळाचे दिसतात. ती शोभा नव्हे. तो हिशेब आहे.

या हिशेबातून आणखी एक गोष्ट निघते. वाटेचे वजन वाढविले की दोरावरची ओढ त्या प्रमाणात वाढते. जुन्या दोरावर नवी जड वाट घालणे म्हणजे म्हाताऱ्या बैलाला नवी मोठी गाडी जुंपण्यासारखे आहे. गाडी कितीही चकचकीत असली तरी ओढायची आहे बैलानेच.

लक्ष्मण झुला

आपल्या देशात सर्वांत जास्त भाविकांनी पाहिलेला झुलता पूल कोणता, असे विचारले तर बहुतेक जण हृषीकेशच्या लक्ष्मण झुल्याचे नाव घेतील. चारधाम यात्रेला जाऊन आलेल्या आपल्या गावच्या मंडळींनी तो पाहिला आहे. मीही २०१८ साली सपत्नीक यात्रेस गेलो असता त्यावरून चाललो. खाली गंगेचे हिरवट पाणी, समोरून येणारी गाय, कठड्यावर टपलेली माकडे आणि त्या गर्दीतून वाट काढणाऱ्या मोटारसायकली! पूल पायाखाली हलत होता. सौभाग्यवतींनी माझा हात घट्ट धरला होता, आणि मी "काही होत नाही, इंग्रजांच्या काळातला आहे" असे सांगून त्यांना धीर देत होतो. इंग्रजांच्या काळातला आहे हे धीर देण्याचे कारण होते की काळजीचे, हा विचार तेव्हा मनात आला नाही.

हृषीकेशपासून सुमारे पाच किलोमीटरवर हा पूल आहे. एका काठाला टिहरी गढवाल जिल्ह्यातील तपोवन, दुसऱ्या काठाला पौडी गढवाल जिल्ह्यातील जोंक. प्रभू रामचंद्रांचे बंधू लक्ष्मण यांनी याच ठिकाणी तागाच्या दोरांवरून गंगा ओलांडली, अशी श्रद्धा आहे. ही कथा श्रद्धेची. परंतु येथे पूर्वी खरोखरीच तागाच्या दोरांचा पूल होता आणि यात्रेकरूंना शिंक्यात बसवून दोराने पलीकडे ओढून घेत, असे सांगितले जाते. बद्री-केदारच्या पायी यात्रेतला हा एक कठीण टप्पा होता.

पुढे स्वामी विशुद्धानंद यांच्या प्रेरणेने कलकत्त्याचे रायबहादूर सूरजमल झुनझुनवाला यांनी १८८९ साली येथे लोखंडी दोरांचा २८४ फूट लांबीचा पूल बांधविला. एका व्यापाऱ्याने यात्रेकरूंच्या पायांखाली आपले द्रव्य घातले, हे आपल्या देवळाला देणग्या देणाऱ्यांनी लक्षात घ्यावे असे उदाहरण आहे. हा पूल पस्तीस वर्षे टिकला. ऑक्टोबर १९२४ मधील महापुरात गंगेने तो नेला.

त्यानंतर सरकारच्या बांधकाम खात्याने १९२७ ते १९२९ या काळात नवा पूल बांधला आणि ११ एप्रिल १९३० रोजी तो रहदारीस खुला झाला. आपण पाहिला तो हाच. लांबी ४५० फूट, वाटेची रुंदी अवघी सहा फूट. पूर्वीचा २८४ फुटांचा आणि नंतरचा ४५० फुटांचा, या दोन आकड्यांतच पुराने शिकविलेला धडा आहे. नदीला अधिक जागा दिली गेली. वाटही पाण्यापासून सुमारे सत्तर फूट उंच ठेवली गेली.

या पुलाने जवळजवळ नव्वद वर्षे सेवा केली. पायी यात्रेकरूंसाठी असलेल्या त्या सहा फुटी वाटेवरून काळाबरोबर मोटारसायकली धावू लागल्या. गर्दी वाढली. १९८६ साली खालच्या अंगाला मुनी की रेती येथे राम झुला झाला, तरी लक्ष्मण झुल्याची ओढ कमी झाली नाही. अखेर तज्ज्ञांच्या पाहणीत पुलाचे अनेक भाग फार कमकुवत झाल्याचे व मनोरा एका बाजूस कलल्याचे आढळले. १२ जुलै २०१९ रोजी तो रहदारीस बंद करण्याचा निर्णय झाला आणि पुढे पायी जाणाऱ्यांनाही मनाई झाली. निर्णय झाला तेव्हा श्रावणातील कावड यात्रा तोंडावर होती. दुकानदारांनी व स्थानिकांनी नाराजी व्यक्त केली. तरी निर्णय झाला. त्याच्या शेजारी काचेचा पदमार्ग असलेला बजरंग सेतू बांधण्यास घेण्यात आला.

मला या गोष्टीत सर्वांत महत्त्वाचे वाटते ते असे : पूल पडल्यावर नव्हे, तर पडण्याआधी बंद झाला. ज्या गर्दीसाठी तो बांधला होता, तीच गर्दी दारात उभी असताना बंद झाला. हा निर्णय ज्यांनी घेतला त्यांना कोणी हार घातले नसतील. परंतु त्यांनी किती माणसे वाचविली, याची मोजदाद कधीच होणार नाही, कारण वाचलेल्यांची नोंद कोठल्याच दप्तरात होत नाही.

विलायतेतील दोन धडे

लोखंडी झुलते पूल बांधण्याची विद्या आपल्याकडे आली ती इंग्रजी अमदानीत, म्हणून त्या विद्येच्या मूळ घरी काय घडले तेही थोडक्यात पाहू. मँचेस्टरजवळ ब्रॉटन येथे १८२६ साली एक झुलता पूल झाला. १२ एप्रिल १८३१ रोजी चौऱ्याहत्तर सैनिक चौघा-चौघांच्या रांगेने त्यावरून निघाले. पूल आपल्या पावलांबरोबर हलतो आहे असे पाहून त्यांना गंमत वाटली आणि ते अधिकच ताल धरून चालू लागले. झोपाळ्याला योग्य वेळी लहानसा रेटा देत राहिले की तो जसा उंच जातो, तसे झाले. साखळीचा एक खिळा तुटला, पुलाची एक बाजू कोसळली आणि चाळीसएक सैनिक नदीत पडले. सुदैवाने कोणी दगावले नाही. तेव्हापासून पुलावर येताच सैनिकांनी पाऊल मोडून चालावे असा हुकूम रूढ झाला. आपल्या पालखीचे ढोल साकवावर का थांबत, याचे उत्तर मला येथे सापडले. आपल्या पूर्वजांनी ते देवाच्या नावाने सांगितले, एवढाच फरक.

दुसरा प्रसंग अधिक भयंकर आहे. फ्रान्समधील आंजे या शहरात १६ एप्रिल १८५० रोजी वादळवाऱ्यात सैनिकांची तुकडी झुलत्या पुलावरून जात असता पूल तुटला आणि २२६ माणसे मेली. पूल जुनापुराणा नव्हता. त्याला अवघी अकरा वर्षे झाली होती. वारा व पावलांचा ताल यांबरोबर एक कारण असे आढळले की, दोरांची टोके जेथे जमिनीत चुन्यात पुरली होती तेथे चुना तारांपासून सुटला होता, आत ओल शिरली होती आणि तारा गंजल्या होत्या. वरून पाहणाऱ्याला काहीच दिसत नव्हते. या घटनेनंतर फ्रान्समध्ये सुमारे वीस वर्षे झुलते पूल बांधणेच थांबले.

झुलत्या पुलाचा वैरी असा आत बसलेला असतो. तो दिसावा म्हणून उकरावे लागते.

एकाच महिन्यातील दोन पूल

आता सांगावयाची गोष्ट ऑक्टोबर २०२२ मधील आहे.

वेल्समध्ये मेनाई सामुद्रधुनीवर टॉमस टेलफर्ड या थोर इंजिनियरने बांधलेला झुलता पूल आहे. तो ३० जानेवारी १८२६ रोजी खुला झाला. दोन मनोऱ्यांमधील अंतर ५७९ फूट. त्याला सोळा साखळदंड होते, आणि प्रत्येकात ९३५ लोखंडी पट्ट्या. गंज चढू नये म्हणून त्या पट्ट्या जवसाच्या तेलात भिजवून काढल्या होत्या. १९३८ ते १९४१ या काळात त्याचे जुने लोखंडी साखळदंड काढून पोलादी घालण्यात आले. म्हणजे टेलफर्डने उभारलेले मनोरे तेच राहिले, पण ज्यावर पूल लोंबतो ते दोर बदलले. तरीही जग त्याला टेलफर्डचाच पूल म्हणते, आणि ते योग्यच आहे.

२१ ऑक्टोबर २०२२ रोजी हा पूल तडकाफडकी वाहतुकीस बंद करण्यात आला. काही पडले नव्हते, कोणी जखमी झाले नव्हते. त्याच्या लोंबत्या सळया अकस्मात तुटू शकतात, असा इशारा तपासणी करणाऱ्यांनी दिला होता. लोकांची गैरसोय झाली, व्यापाऱ्यांनी तक्रारी केल्या. तात्पुरत्या बळकटीचे काम करून पूल २ फेब्रुवारी २०२३ रोजी, वजनाची मर्यादा घालून, पुन्हा खुला झाला.

त्याच महिन्यात आपल्या शेजारच्या गुजरातेत मोरबी येथे मच्छू नदीवरील झुलता पूल दुरुस्त होऊन लोकांसाठी उघडला. हा पूल मोरबी संस्थानच्या ठाकोर साहेबांनी एकोणिसाव्या शतकात बांधविला. लांबी सुमारे २३० मीटर, रुंदी अवघी सव्वा मीटर. मार्च २०२२ पासून तो दुरुस्तीसाठी बंद होता. गुजराती नववर्षाचा मुहूर्त साधून २६ ऑक्टोबर रोजी तो उघडण्यात आला. दिवाळीची सुट्टी होती. बायकामुलांसह माणसे लोटली. चार दिवसांनी, रविवार ३० ऑक्टोबरच्या संध्याकाळी, सुमारे तीनशे माणसे पुलावर असताना एक मुख्य दोर तुटला. १३५ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत लहान मुले पुष्कळ होती.

पुढे विशेष तपास पथकाने जे शोधून काढले ते प्रत्येक जीर्णोद्धार समितीने वाचावे असे आहे. मुख्य दोर सात पेडांचा, प्रत्येक पेडात सात तारा, म्हणजे एकूण ४९ तारा. तुटलेल्या दोरातील त्या ४९ पैकी २२ तारा आधीच गंजलेल्या होत्या. म्हणजे पूल उघडला त्या दिवशी तो दोर जेमतेम अर्धाच जिवंत होता. दुरुस्तीत मुख्य दोर बदललाच नाही. जुन्या लोंबत्या सळयांना नव्या सळया वेल्डिंगने जोडल्या. आणि सुट्या लाकडी फळ्या काढून त्यांच्या जागी अॅल्युमिनियमची सलग वाट घातली. तिने वजनही वाढले आणि वाटेची लवचिकताही गेली. पूल उघडण्यापूर्वी त्याची भारचाचणी झाली नाही. एका वेळी किती माणसांनी चढावे यावर बंधन नव्हते.

एका बाजूला २१ तारखेला बंद केलेला पूल आणि दुसऱ्या बाजूला २६ तारखेला उघडलेला पूल. दोघांचेही लोखंड थकलेले होते. पहिल्या ठिकाणी संशय येताच माणसे मागे घेतली. दुसऱ्या ठिकाणी डोळ्यांना दिसणारी वाट नवी केली, पण तिला उचलून धरणाऱ्या दोराकडे पाहिले नाही.

आपल्या देवळातील तुळई

आता वर कबूल केलेले उत्तर.

२०२२ च्या गणेशचतुर्थीला चाकरमानी गावी आले असता देवळाच्या जीर्णोद्धाराची पहिली बैठक झाली. त्या वेळी ठरले ते एवढेच : भिंतींना रंग, सभामंडपात फरशी, कौले बदलणे आणि नवा कळस. कलशारोहण पुढच्या माघात. इतिवृत्त लिहिण्याचे काम अर्थातच माझ्याकडे आले. दसऱ्याच्या सुमारास गावच्या वयस्क सुतारकाकांनी सभामंडपाच्या मोठ्या तुळईत पटाशी घालून पाहिली. पटाशी चार बोटे आत गेली. तुळईवर ऑइलपेंटचे तीन-चार थर होते आणि बाहेरून ती काचेसारखी चमकत होती. सुतारकाका बैठकीत म्हणाले, "रंग काय करतलो? तुळय आतसून पोकळ आसा. आधी ती काढा, मगे काय तां करा."

वाद झाला. तुळई काढायची म्हणजे सगळे छप्पर उतरवावे लागणार, खर्च वाढणार, माघाचा मुहूर्त चुकणार. काहींनी सुचविले की खालून एक लोखंडी आधार देऊ आणि रंगवून टाकू. त्या बाजूने जोराने बोलणाऱ्यांत मी होतो. माझी अडचण अशी की पत्रिकेचा मसुदा मी छापखान्यात दिलेला होता आणि मुंबईच्या मंडळींना तारीख कळविली होती. मी इतिवृत्तात स्वतःच्या अक्षरात लिहिले : "तुळईची दुरुस्ती पुढील टप्प्यात करण्यात यावी." सुतारकाका काही बोलले नाहीत. त्यांनी पटाशी पिशवीत घातली आणि ते उठून गेले.

त्यानंतर दिवाळी झाली आणि ३० ऑक्टोबरची रात्र आली. आम्ही सर्व घरची मंडळी दूरचित्रवाणीवर मोरबीच्या बातम्या पाहत होतो. पुढील काही दिवसांत वर्तमानपत्रांतून गंजलेल्या दोराची व चकचकीत नव्या वाटेची माहिती येऊ लागली, आणि मला माझे ते वाक्य आठवले. शिमग्यात आपल्या सभामंडपात किती माणसे बसतात? हरिनाम सप्ताहात तुळईच्या बरोबर खाली कोण बसते? शाळेची मुले. कचेरीत "पुढील टप्प्यात" हा शब्द मी हजार वेळा लिहिला आहे. त्याचा अर्थ बहुतेक वेळा "कधीच नाही" असा होतो, हे मला पुरते माहीत होते.

नोव्हेंबरच्या बैठकीत मी माझी सूचना मागे घेतली, पत्रिका थांबविली आणि मुंबईच्या मंडळींना पत्र लिहिले. कोणी रागावले, कोणी मुहूर्त टळल्याचे वाईट वाटून घेतले. परंतु समितीने एकमताने कलशारोहण वर्षभर पुढे ढकलले. छप्पर उतरविले तेव्हा ती तुळई खाली घेताना तीन ठिकाणी मोडली. आत वाळवीने केलेली माती भरलेली होती. चारपैकी आणखी एक तुळई तशीच निघाली. आणि खांबांपैकी दोन दगडी तळखड्यात बुडापाशी कुजलेले आढळले. रंगाखाली हे सर्व कित्येक वर्षे होते.

जे कुजले होते ते बदलले. जे निकोप होते, ते कोरीव खांब, जुनी दारे, लाकडात लाकूड बसविण्याच्या जुन्या खाचा, ते सर्व सुतारकाकांच्या देखरेखीखाली तसेच ठेवले. म्हणून देऊळ आज नवे असूनही आपल्याला जुनेच वाटते. मेनाईच्या पुलाचे मनोरे ठेवून दोर बदलले, त्यातलाच हा प्रकार. लक्ष्मण झुलाही तागाचा, मग १८८९ चा, मग १९३० चा, असा तीनदा जन्मला, तरी नाव एकच राहिले. वारसा म्हणजे जुने लोखंड अथवा जुने लाकूड एवढेच नव्हे. त्याची पाहणी करण्याची रीत, बिघडलेले ओळखण्याचा हात आणि वेळेवर "थांबा" म्हणण्याची सवय, हाही वारशाचाच भाग आहे. दरसाल साकव नवा घालणाऱ्या आपल्या पूर्वजांना हे ठाऊक होते.

एक विनंती

आपल्या कोकणास हा विषय परका नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरील १९२८ साली बांधलेला दगडी पूल पुरात वाहून गेला आणि एस. टी. च्या दोन गाड्या माणसांसह नदीत गेल्या. १५ जून २०२५ रोजी मावळ तालुक्यात कुंडमळा येथे इंद्रायणीवरील लोखंडी पादचारी पूल रविवारच्या गर्दीने कोसळला आणि चार जणांचा जीव गेला. पूल दगडी असो, लोखंडी असो वा झुलता असो. ओझे सांगून येते, थकवा सांगून येत नाही.

म्हणून जीर्णोद्धार समितीस व ग्रामस्थांस माझी एक विनंती आहे. कलशारोहणाच्या खर्चाच्या वहीशेजारी आणखी एक साधी वही ठेवावी. तीत दर वर्षी दोनदा नोंद व्हावी : एकदा मृगापूर्वी आणि एकदा दसऱ्यानंतर. देवळाच्या तुळया, वासे, खांबांची बुडे, कौलांखालची गळती. आणि त्याबरोबरच साकवाच्या लोखंडी तुळया, त्यांची काठांवरील टेकणे व कठड्याचे खिळे. पाहणाऱ्याने हातोडी व पटाशी घेऊन पाहावे, केवळ नजरेने नव्हे. काय आढळले ते लिहावे आणि खाली सही करावी. साकवावर एका वेळी किती माणसांनी जावे याची पाटी लावावी. आणि शिमग्यात पालखी साकवाशी आली की ढोल थांबविण्याची जुनी रीत, जी अलीकडे तरुण मंडळींच्या उत्साहात मागे पडली आहे, ती पुन्हा सुरू करावी. कारण विचारले तर आता खरे कारण सांगता येईल.

त्या वहीच्या पहिल्या पानावर नोंद करण्याचे काम मी आनंदाने पत्करीन. सुतारकाकांनी पाहावे, मी लिहावे. त्यांना मी बैठकीत एकदा गप्प केले होते. त्याची भरपाई या स्मरणिकेतील लेखाने होणार नाही, त्या वहीने झाली तर होईल.

असो. लिहिण्यात काही उणे-अधिक झाले असल्यास वाचकांनी मोठ्या मनाने क्षमा करावी. श्री देव रवळनाथ आपल्या सर्वांस सुखरूप पैलतीरी नेवो, हीच त्याच्या चरणी प्रार्थना.